डावा रकाना

मारामुरेशच्या डोंगरात, आमच्या लाकडी चर्चच्या दाराशी
माझं टेबल असतं.
मेणबत्त्या, प्रार्थनेच्या चिठ्ठ्या, सुट्ट्या पैशांचा डबा.
चिठ्ठीवर दोन रकाने: डावा जिवंतांचा, उजवा मेलेल्यांचा.
बाहेर वाळू भरलेल्या पत्र्याच्या पेट्याही दोन,
एक यांची, एक त्यांची.
नवखे चुकतात. मी ओरडते,
अहो, जित्याजागत्या सासूला मारताय कशाला!

सिदोनिया चुकली नव्हती.
बारा वर्षांपूर्वी एका शनिवारी
लोकर रंगवून लाल झालेल्या बोटांनी
तिनं डावीकडे लिहिलं: इलारिओन.
मी म्हटलं, बाई, उजवीकडे.
ती म्हणाली, उजवीकडे घेत नाहीत.

खरंच घेत नव्हते.
तिच्या मुलाला नेलं तेव्हा घंटा वाजली नाही.
फादर गेरासिम कुंपणापर्यंत आले, साध्या कोटात,
टोपी काढून उभे राहिले.
तेवढंच माझ्या हातात होतं, असं म्हणत.
प्यायल्यावर निराळं म्हणत.

बिशपांच्या कचेरीतून उत्तर आलं होतं:
डोकं ठिकाणावर नव्हतं असा डॉक्टरचा दाखला असेल
तर विधी करता येतील.
"डॉक्टरकडे न्यायचं," सिदोनिया म्हणाली,
"तर आधी त्यानं काही बोलायला हवं होतं.
मला तर म्हणाला, गवत उद्या उलटवतो."

गावात म्हणत, अशा माणसामागून गारा येतात.
आल्या. सगळ्यांच्याच मक्यावर पडल्या.
पुढच्या वर्षीही पडल्या,
तेव्हा तर कुणी गेलंही नव्हतं.

आणि मी?
त्या पहिल्या शनिवारी तिची पाठ वळल्यावर
मी ते नाव खोडलं.
निळ्या पेनानं. दोनदा.
नियम म्हणजे नियम.

पुढच्या शनिवारी ती आली,
पुन्हा डावीकडे, पुन्हा तेच नाव,
जरा मोठ्या अक्षरात.
मी पेन खिशात घातलं.

मग दर रविवारी फादर गेरासिम वाचत:
इलारिओनला आरोग्य दे, प्रभो.
आणि त्या नावापाशी चष्मा पुसायला थांबत.
कुणी काही बोललं नाही.
गाव इतकं दयाळू आहे हे मला ठाऊक नव्हतं,
की नुसतं विसरलं होतं?

गेरासिम गेले, फादर कोर्नेल आले.
तरुण, नीटनेटके, दाढीला कंगवा केलेला.
हा इलारिओन कोण? कधी दिसत नाही?
मी म्हटलं, इटलीत असतो.
अर्धं गाव इटलीत असतं,
परक्यांची म्हातारी माणसं धुतं, द्राक्षं तोडतं.
"मग त्याच्यासाठी प्रवासाची प्रार्थनाही म्हणू," फादर म्हणाले,
आणि म्हटली, अगदी मनापासून.
सिदोनियानं डोक्याचा रुमाल पुढे ओढला.
रडत होती की हसत होती, देव जाणे.

संध्याकाळी दोन्ही पेट्यांतली थोटकं
मी एकाच बादलीत टाकते.
वितळल्यावर कुठलं मेण कुणाचं
ते मला विचारू नये.

फेब्रुवारीत सिदोनिया गेली.
घंटा वाजली. गहू शिजले, वर साखर, अक्रोड, सगळं रीतसर.
उजव्या रकान्यात मी तिचं नाव लिहिलं
आणि पेन हातात तसंच राहिलं.
त्यालाही आता तिच्याशेजारी आणावं, असं फार वाटलं.
पण मग कधी गेला, कसा गेला,
आणि पुन्हा तो दाखला.

डावीकडे लिहिलं.

रविवारी फादरांनी खणखणीत वाचलं:
इलारिओनला उदंड आयुष्य.
मी आमेन म्हटलं, जरा उशिरा, एकटीच.

बाहेर पडताना ते टेबलापाशी थांबले.
"आईच्या मातीला तरी यायचं होतं त्यानं.
कसली ही मुलं!"
मी सुट्टे पैसे मोजत होते.
म्हटलं, "असं नका म्हणू, फादर.
रजा मिळाली नसेल."